पुलाखाली पडलेला ड्रोन आणि एक गोपनीय अहवाल: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान ड्रोन सर्वेक्षण संस्थेतले आहे. संस्थेत चार चालक, दोन निरीक्षक (उड्डाणादरम्यान ड्रोनवर नजर ठेवणारे), एक तंत्रज्ञ, एक संचालक आणि कार्यालयातली दोन-तीन माणसे होती. सुरक्षा समन्वयाचे काम माझ्याकडे होते आणि ते इतर कामे सांभाळून पाहायचे होते. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून ठिकाण, तारीख आणि ड्रोनचे मॉडेल येथे दिलेले नाही, तसेच काही अंतरे किंचित बदलली आहेत. चालक आणि निरीक्षक या दोघांनीही हा मजकूर वाचून संमती दिली आहे.

काम एका काँक्रीटच्या पुलाच्या खालच्या अंगाच्या छायाचित्रणाचे होते. गर्डरना (पुलाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळयांना) गेलेले तडे, बेअरिंगची स्थिती आणि पाणी झिरपल्याच्या खुणा जवळून टिपायच्या होत्या. पुलाखाली उडणे हे मोकळ्या शेतावर उडण्यापेक्षा अगदी वेगळे काम आहे. डोक्यावर काँक्रीट असल्याने उपग्रहांचे संकेत क्षीण होतात, लोखंडामुळे होकायंत्र भरकटते आणि खांबामागे गेले की रेडिओ संपर्क तुटू शकतो. मोकळ्या जागी संपर्क तुटला, तर ड्रोनने ठरलेल्या उंचीपर्यंत वर चढून निघाल्या जागी परतावे, हीच सर्वांत सुरक्षित कृती असते आणि बहुतेक यंत्रांत ती आधीपासूनच निवडलेली असते. पुलाखाली मात्र वर चढणे म्हणजे सरळ गर्डरवर आदळणे. म्हणून अशा कामाआधी फेलसेफच्या (संपर्क तुटल्यास ड्रोनने आपोआप काय करावे याच्या) यादीतून ‘परत ये’ काढून ‘जागीच थांब’ निवडतात, हे आमच्या चारही चालकांना पाठ होते.

घटना

चालकाने आदल्या संध्याकाळी कार्यालयातच हा बदल करून ठेवला होता. तो अनुभवी होता आणि त्याच्या कामात निष्काळजीपणा कधी दिसला नव्हता. त्याच रात्री तंत्रज्ञाने संस्थेच्याच सूचनेनुसार सर्व ड्रोनचे फर्मवेअर (यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत केले. या अद्यतनानंतर काही निवडी मूळ स्थितीत परत जातात, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते.

सकाळी पुलाखालचे देखभालीचे काम चाळीस मिनिटांसाठी थांबवून ती जागा आम्हाला मोकळी करून दिलेली होती. त्यातली दहा मिनिटे गाडी उभी करण्यात आणि शंकू मांडून पट्टी ताणण्यात गेली. चेकलिस्टमध्ये ‘फेलसेफ तपासले’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे एक रिकामी चौकट होती. चालकाने त्या चौकटीत खूण केली. मेनू उघडून पाहिला नाही.

उड्डाणाच्या अकराव्या मिनिटाला ड्रोन एका खांबाच्या पलीकडे गेला आणि संपर्क तुटला. त्या क्षणी निरीक्षकाची नजर ड्रोनवर नव्हती, कारण देखभालीच्या पथकातला एक कामगार विसरलेला दोर घ्यायला पट्टीखालून वाकून आत आला होता आणि निरीक्षक त्याला हाताने मागे जायला सांगत होता. यंत्र पुलाच्या कडेजवळ असल्याने उपग्रहांचे संकेत जेमतेम पुरेसे होते, त्यामुळे परतीची आज्ञा अमलात आली. ड्रोन वर चढू लागला, गर्डरच्या तळाला धडकला, कलंडला आणि सुमारे पंधरा मीटर खाली जमिनीवर पडला. कामगार तिथून चार मीटरवर होता.

ड्रोनचे वजन बॅटरीसह १.४ किलो होते. हवेचा अडथळा सोडला, तर पंधरा मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळते. हे गणित मी नंतर कागदावर मांडले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. कोणालाही इजा झाली नाही. दोन प्रोपेलर तुटले आणि ड्रोनच्या एका बाहूला तडा गेला, एवढेच नुकसान झाले.

समस्या कशी उघडकीस आली

चालकाने त्या दिवशीच्या लॉगबुकमध्ये लिहिले, ‘प्रोपेलर खराब, बदलले.’ ते खोटे नव्हते, पण त्यातून काही कळतही नव्हते. त्याने निरीक्षकाला गप्प राहायला सांगितले नव्हते. तरी दोघेही गप्प राहिले. हे मौन दोन दिवस टिकले आणि ते मोडले तुटलेल्या पात्यांमुळे. जमिनीवर आपटून तुटलेल्या पात्यावर माती आणि ओरखडे खालून किंवा कडेने येतात. या पात्यांच्या वरच्या अंगाला टोकाशी काँक्रीटची करडी रेघ उमटलेली होती. तंत्रज्ञाने ती रेघ अंगठ्याने पुसून पाहिली, पाते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, ‘मॅडम, हे वरून लागलंय.’

मी चालकाला एकट्याला बोलावले. त्याने पहिल्या दहा मिनिटांत सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, ‘खूण मी केली मॅडम, पण पाहिलं नाही. हे वाक्य कुठे लिहून गेलं तर माझं लायसन्स जाईल.’

खरी समस्या त्याच्या या वाक्यात होती. ड्रोन का पडला हे फ्लाइट लॉगमधून समजत होते: संपर्क कधी तुटला, कोणती स्थिती सुरू झाली, उंची कशी वाढत गेली. चौकटीत खूण करूनही मेनू का उघडला गेला नाही, हे मात्र कोणत्याही लॉगमध्ये नव्हते. ते फक्त एका माणसाला ठाऊक होते आणि सांगितल्यास तोटाही त्याचाच होणार होता. इतर चालकांना उपयोगी पडणारी माहिती नेमकी तीच होती.

तोलून पाहिलेले पर्याय

सर्वप्रथम अहवाल देणे सक्तीचे आहे का, ते पाहिले. सक्तीच्या नोंदणीची मर्यादा देशोदेशी वेगळी असली, तरी रोख बहुधा परिणामावर असतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या लहान ड्रोनसाठीच्या नियमांत गंभीर इजा झाली, कोणी बेशुद्ध झाले किंवा ड्रोन सोडून इतर मालमत्तेचे ५०० डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले, तर दहा दिवसांत कळवावे लागते. आमच्यावर लागू असलेल्या नियमांनुसारही ही घटना सक्तीच्या नोंदणीत बसत नव्हती. चार मीटरचे अंतर कोणत्याच रकान्यात भरता येत नाही. कामगार चार पावले पुढे असता, तर हीच चूक अपघात ठरली असती.

संचालकांचा पहिला कल घटना घरातच मिटवण्याकडे होता. त्यात लपवालपवीचा हेतू नव्हता. आपल्या चारही चालकांना सांगू, चेकलिस्ट सुधारू आणि पुढे जाऊ, असे त्यांचे म्हणणे होते. मला या पर्यायाची सर्वांत जास्त भीती वाटत होती आणि त्याचे कारण विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावण्यात घोटाळा झाला होता. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या बाबतीत त्याच ठिकाणी तसाच घोटाळा होऊन ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीतल्या अंतर्गत यंत्रणेला कळवले आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले. ते इशारे कंपनीच्या दाराबाहेर मात्र गेले नाहीत. आमच्या चार चालकांना सांगून थांबणे म्हणजे लहान प्रमाणावर तेच करणे होते. त्याच फर्मवेअरवर चालणारे ड्रोन आणखी कितीतरी लोकांकडे होते.

दुसरा पर्याय फक्त उत्पादकाला कळवण्याचा होता. तो आवश्यक होता, पण पुरेसा नव्हता. उत्पादकाकडे तक्रार म्हणून गेलेली गोष्ट तांत्रिक बिघाडापुरती उरते. चेकलिस्टमधली चौकट, चाळीस मिनिटांची घाई आणि पट्टीखालून आलेला माणूस हे त्यात कुठेच येत नाहीत.

तिसरा पर्याय नियामकाकडे नावानिशी खुला अहवाल देण्याचा होता. तो सर्वांत सरळ वाटत होता आणि घटना सक्तीच्या नोंदणीतली असती, तर प्रश्नच नव्हता. परंतु दंड करण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे आहे, तिलाच आपली चूक मोकळेपणाने सांगा, ही अपेक्षा अनुभवात टिकलेली नाही. वर सांगितलेल्या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या नियामकाने १९७५ साली स्वतःची स्वेच्छा-अहवाल योजना सुरू केली, पण लोक बिचकले. म्हणून १९७६ पासून अहवाल स्वीकारण्याचे काम नासाकडे सोपवण्यात आले, कारण नासाकडे नियम करण्याचा अधिकारही नव्हता आणि शिक्षेचाही. त्या यंत्रणेत अहवालाचा ओळख सांगणारा भाग तारखेचा शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत दिला जातो. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालत आलेला चर्प हा गोपनीय अहवाल कार्यक्रमही नियामकापासून स्वतंत्र आहे. या दोन्ही यंत्रणा आता ड्रोनचालकांचेही अहवाल घेतात.

चौथा पर्याय चालकानेच सुचवला: निनावी पत्र. निनावी आणि गोपनीय हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांतला फरक या प्रकरणात निर्णायक ठरला. निनावी अहवालात पाठवणारा कोण हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे त्याला उलट प्रश्नही विचारता येत नाही. गोपनीय अहवालात घेणाऱ्याला पाठवणारा माहीत असतो. तो नाव उघड न करण्याला बांधलेला असतो आणि खुलासा हवा असल्यास फोन करू शकतो. आम्ही याच गोपनीय मार्गाने, स्वतंत्र अहवाल कार्यक्रमाकडे जायचे ठरवले.

निर्णय आणि कृती

हे ठरायच्या आधी संस्थेतच एक अडथळा पार करावा लागला. मी संचालकांना घटना सांगितली, पण नाव सांगितले नव्हते. ते म्हणाले, ‘आधी कोण ते कळू द्या, मग काय करायचं ते ठरवू.’ मी म्हणाले, ‘सर, काय करायचं नाही ते आधी ठरवू. नाव त्यानंतर.’ नाव कळल्यावर दिलेले अभय ही त्या माणसावरची मेहेरबानी ठरते आणि पुढच्या माणसाला तिचा काहीच भरवसा वाटत नाही, असे मी मांडले. खरे तर चारच चालक असताना नाव किती काळ झाकलेले राहणार होते? तरीही क्रम महत्त्वाचा होता. शेवटी एक पानी लेखी हमी तयार झाली आणि संचालकांनी नाव न विचारता तिच्यावर सही केली.

त्या पानावर हमीच्या मर्यादाही स्पष्ट लिहिल्या. अनवधानाने झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही. नशेत उडवणे, जाणूनबुजून केलेले उल्लंघन आणि कोणाला झालेली इजा दडवणे यांना संरक्षण नाही. कायद्याने सक्तीचा असलेला अहवाल गोपनीय अहवालामुळे टळत नाही. बाहेरच्या यंत्रणांच्याही अशाच मर्यादा असतात. नासाच्या यंत्रणेत गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात यांना अभय मिळत नाही. मर्यादा लिहिल्याने लोक बिचकतील, अशी संचालकांना शंका होती. माझे मत उलट होते आणि आजही तेच आहे: कुठवर संरक्षण आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच तिथवर मोकळेपणाने बोलतो.

मग लॉगबुकमधल्या नोंदीचा प्रश्न आला. न पाहता केलेली खूण ही चूक होती. दोन दिवस अर्धवट नोंद ठेवणे ही त्यापुढची पायरी होती. पहिल्या गोष्टीसाठी मानवी चुकांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या लेखनातून रूढ झालेली कसोटी वापरली: तेवढेच प्रशिक्षण आणि तेवढाच अनुभव असलेला दुसरा माणूस त्याच परिस्थितीत तसेच वागला असता का? मी उरलेल्या तीन चालकांना, घटनेचा उल्लेख न करता, विचारले की आदल्या रात्री स्वतः बदललेली निवड ते सकाळी पुन्हा उघडून पाहतात का. दोघांनी नाही म्हणून सांगितले. म्हणजे माणूस बदलून काहीच बदलले नसते. नोंदीच्या बाबतीत मात्र चालकाशी स्पष्ट बोलले. जुनी ओळ न खोडता तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घालून त्याने पूर्ण हकिकत लिहिली आणि तो विषय तिथे संपवला.

अहवाल लिहायला बसलो, तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. पहिल्या मसुद्यात पुलाचा प्रकार, कामाची तारीख, ड्रोनचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि देखभाल पथकाची वेळ असे सगळे होते. कार्यक्रमाने नाव गाळले असते, तरी आमच्या क्षेत्रातल्या कोणीही दोन ओळींत संस्था ओळखली असती, कारण अशी कामे करणारे मोजकेच आहेत. दुसऱ्या मसुद्यात आम्ही इतके काही गाळले की धोका कशात आहे तेच कळेना. तिसऱ्यांदा प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारला: हा तपशील धोका सांगतो, की माणूस? मॉडेल आणि आवृत्ती ठेवली. पूल, तारीख आणि ग्राहकाचे काम काढले. ‘डोक्यावर छत असलेली जागा’ एवढेच राहू दिले. चालकाने स्वतःच्या हाताने एक वाक्य जोडले: ‘आदल्या दिवशी मी स्वतः निवड बदलली असल्यामुळे ती तशीच असेल असे मी धरून चाललो.’ संपूर्ण अहवालात याहून मोलाचे वाक्य नाही.

आठवडाभरात कार्यक्रमाच्या विश्लेषकाचा फोन आला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. संध्याकाळी बदल केल्यानंतर आणि उड्डाणाआधी यंत्राला दुसऱ्या कोणी हात लावला होता का? आणि संपर्क तुटल्यावर काय होणार, हे उडवताना मुख्य स्क्रीनवर दिसते का? फर्मवेअर अद्ययावत झाले हे आम्ही अहवालात लिहिले होते, पण ते निवड बदलल्यानंतर झाले, हा क्रम स्पष्ट केलेला नव्हता. पहिल्या प्रश्नामुळे तो स्पष्ट झाला. दुसऱ्या प्रश्नामुळे आम्ही कंट्रोलर उघडून मोजले: ती निवड तीन पडदे आत होती. निनावी पत्र पाठवले असते, तर हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले असते.

ग्राहकाला कळवावे की नाही, यावर आमच्यात वाद झाला. संचालकांना वाटत होते की गोपनीय मार्ग निवडल्यावर ग्राहकाला सांगणे विसंगत ठरेल. गोपनीयता माणसाच्या ओळखीची असते. यंत्र पडले ही गोष्ट ज्यांच्या जागेवर पडले त्यांच्यापासून लपवण्यासाठी ती नाही, असे मी म्हणाले. करारातही घटना कळवण्याचे कलम होते. शेवटी चालकाचे नाव न देता वस्तुस्थिती कळवली. उरलेले काम काही दिवस पुढे ढकलले गेले आणि तो तोटा संस्थेने सोसला.

निष्पन्न

कार्यक्रमाने ओळख काढून टाकलेला गोषवारा प्रसिद्ध केला आणि उत्पादकाकडे मुद्दा मांडला. पुढच्या आवृत्तीसोबतच्या टिपणात फेलसेफची निवड पुन्हा तपासण्याची सूचना आली. गोषवारा वाचून आणखी एका चालकाने कार्यक्रमाला तसाच अनुभव कळवला. त्याचा ड्रोन एका गोदामात छताला लागला होता. त्याने तो अनुभव आपलीच चूक समजून कोणालाच सांगितला नव्हता.

संस्थेतला सर्वांत उपयोगी बदल दिसायला अगदी लहान आहे. चेकलिस्टमधली चौकट गेली. तिच्या जागी आता ‘संपर्क तुटल्यास:’ एवढे शब्द आणि पुढे रिकामी रेघ आहे. चालक स्क्रीनवर दिसणारा शब्द मोठ्याने वाचतो आणि निरीक्षक तो त्या रेघेवर लिहितो. स्मरणातून खूण करता येते. समोरचा शब्द वाचून दाखवायचा तर मेनू उघडावाच लागतो. तसेच उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर फर्मवेअर बदलायचे नाही, असा नियम केला. चालक त्याच कामावर आहे. काही महिन्यांनी निरीक्षकाने स्वतःहून एक वेगळी घटना सांगितली, तीही त्याच दिवशी संध्याकाळी.

वेगळे काय करता आले असते

लेखी हमी घटनेनंतर तयार झाली, हा दोष माझा आहे. ती आधीपासून भिंतीवर लावलेली असती, तर दोन दिवसांचे मौन कदाचित घडलेच नसते. त्या दोन दिवसांत तोच ड्रोन दुरुस्त होऊन पुन्हा उडाला असता, तर आमच्याकडे काहीच उत्तर नव्हते.

तीन चालकांना प्रश्न विचारण्याची माझी पद्धतही चुकली. तिघांपैकी एकाने त्याच दिवशी अंदाज बांधला आणि चालकाला जाऊन विचारले. असे प्रश्न एखादी घटना घडल्यावर नव्हे, तर दर काही महिन्यांनी सहज म्हणून विचारत राहायला हवेत. मग कोणत्या प्रश्नामागे कोण आहे, हे कळत नाही.

निरीक्षकाशी मी फार उशिरा बोलले. त्याची नजर हटली म्हणून ड्रोन पडला, असे त्याने मनाशी घेतले होते. वास्तविक कामगाराला थांबवणे हेच त्या क्षणी त्याचे योग्य काम होते. एकाच माणसावर यंत्रावर नजर ठेवण्याचे आणि जागा मोकळी ठेवण्याचे, अशी दोन्ही कामे सोपवणे ही आखणीतली चूक होती. आता पुलाखालच्या कामाला पट्टीजवळ वेगळा माणूस उभा असतो.

आणि तो कामगार. चालकाची ओळख जपण्यात आम्ही इतके गुंतलो होतो की चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला काय घडले ते नवव्या दिवसापर्यंत कोणीच समजावून सांगितले नव्हते. मी त्याला भेटायला गेले, तेव्हा त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ही पट्टी कशाची, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं का? रस्त्याच्या कामाची असेल असं वाटलं मला.’ देखभालीच्या पथकाच्या मुकादमाला आम्ही कळवले होते आणि तेवढ्याने सर्वांना कळले, असे धरून चाललो होतो. त्यानंतरच्या प्रत्येक कामात पट्टी बांधण्याआधी पथकातल्या सगळ्यांना एकत्र बोलावून ड्रोन दाखवला जातो, तो कुठून कुठे उडणार हे सांगितले जाते आणि दोर, हत्यारे, डबे आधीच बाहेर काढून घ्यायला वेळ दिला जातो.